एक कान मोकळा

त्या बाई टेबलाजवळ उभ्या होत्या, पण वर चढत नव्हत्या. एका हातात नऊवारीचा सोगा, दुसऱ्या हातात फोन. वय बावन्न. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि महिन्यापूर्वी अचानक पुन्हा लाल दिसलं होतं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं, म्हणून त्याचा नमुना घ्यायचा होता. एक बारीक, लवचिक नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवायची, आतला दट्ट्या मागे ओढायचा, नळीत जे येईल ते बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायचं. काम पाच मिनिटांचं. दुखण्याची गोळी त्यांनी तासाभरापूर्वी घेतली होती.

"भूल नाही का देणार बाई?" त्यांनी विचारलं.

पूर्ण भूल का नको, ते मी समजावलं. मग विचारलं, "फोनमध्ये एखादं आवडतं गाणं आहे का? लावून ठेवू."

"गाणं नाही ओ. आमच्या मंडळाचं भजन हाये, सुनेनं भरून दिलंय. चालतंय का ते?"

चालतंय, म्हटलं. त्या टेबलावर चढल्या. पुढे काय झालं ते शेवटी सांगते, कारण त्यातून मला जे कळलं ते समजायला आधी बराच मागचा भाग सांगायला हवा.

स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत अशी पाच-दहा मिनिटांची कामं रोज चालतात. तांबी बसवायची किंवा काढायची. पिशवीच्या तोंडावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून भिंगातून बघायचं, म्हणजे कॉल्पोस्कोपी. संशय आला तर तिथला तुकडा घ्यायचा. बारीक दुर्बीण आत घालून पिशवी आतून पाहायची, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. पूर्वी यातल्या कित्येक गोष्टींसाठी बाईला दाखल करून, उपाशी ठेवून, पूर्ण भूल द्यावी लागे. आता ती सकाळी येते आणि दुपारच्या एसटीने घरी जाते. भुलेचा धोका टळतो, पैसे वाचतात, सोबत येणाऱ्याची रोजी बुडत नाही. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण भूल गेली म्हणजे बाई जागी राहिली. तिला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं आणि दुखतंही.

किती दुखतं? कुणाला पाळीच्या कळेइतकं, कुणाला जवळपास काहीच नाही, आणि कुणाला इतकं की पुढचा महिनाभर त्या दाराकडे बघवत नाही. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरच्या हातून, एकाच नळीने. हा फरक का, हे आमच्या शास्त्राने पुष्कळ काळ नीट विचारलंच नाही. पिशवीच्या तोंडाला फारशी संवेदना नसते, असं शिकवलं जायचं. या समजाला बळ मिळालं ते अमेरिकेत 1953 साली आलेल्या किन्सी यांच्या स्त्रियांच्या लैंगिकतेवरच्या अहवालाने. त्यासाठी झालेल्या तपासणीत पिशवीच्या तोंडाला हलकेच केलेला स्पर्श बहुतेक स्त्रियांना जाणवला नव्हता. पण हलका स्पर्श न कळणं वेगळं आणि चिमटा, ताण, काप न कळणं वेगळं. आतड्याला सुरी लागली तरी फारसं कळत नाही, पण तेच आतडं फुगलं की माणूस गडबडा लोळतो. आतल्या अवयवांना ताणाची भाषा कळते. पिशवीच्या तोंडाच्या नसा माकडहाडावरच्या भागातून कण्यात जातात, तर पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा पाठीच्या आणि कंबरेच्या सीमेवर. म्हणून तोंडाला व्हल्सेलमचा चिमटा लागला की कळ एका ठिकाणी येते, आणि नळी वरपर्यंत पोचली की ओटीपोटात वेगळीच, पिळवटणारी कळ उठते. तिथल्या नसांमुळे कुणाकुणाची नाडी एकदम मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाई 'नाटक' करत असते म्हणून हे होत नाही. तिच्या मज्जासंस्थेचा तो प्रतिसाद असतो.

मी शिकत होते तेव्हा पडद्यापलीकडून एक वाक्य रोज कानावर यायचं: "बाळंतपण कसं केलंत मग?" ते वाक्य ऐकून टेबलावरची बाई गप्प व्हायची, आणि तिच्या गप्प होण्याला आम्ही 'सहकार्य' म्हणायचो. बाहेर बाकावर बसलेल्या बायका ते सगळं ऐकत असायच्या. त्यांचा नंबर यायचा तेव्हा त्यांची अंगं आधीच दगडासारखी घट्ट झालेली असायची. मग आम्हीच ओरडायचो, "अंग सैल सोडा!" सांगून अंग सैल सुटत असतं तर काय हवं होतं!

घट्ट झालेलं अंग आणि वाढलेलं दुखणं यांचा संबंध समजून घ्यायला 1965 सालाकडे जावं लागतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात वेदनेचा एक नवा सिद्धांत मांडला. तोवरची कल्पना सरळ होती: इजा झाली की तार वाजते आणि मेंदूत घंटा होते, जेवढी इजा तेवढी घंटा. मेल्झॅक आणि वॉल म्हणाले, मणक्यात वाटेवर एक दार आहे. ते कमी-जास्त उघडतं. कोपर आपटला की आपण तो चोळतो, कारण चोळण्याचा संदेश त्या दाराशी पोचून दुखण्याच्या संदेशाला अडवतो. आणि हे दार वरून, मेंदूकडूनही हलवलं जातं. भीती ते उघडं करते. लक्ष दुसरीकडे गुंतलं, जिवाला धीर आला, तर ते थोडं लोटलं जातं. सिद्धांताच्या तपशिलात नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मेंदू खाली निरोप पाठवून वेदना कमी-जास्त करतो, ही गोष्ट पक्की ठरली. मेंदूच्या देठातून निघणाऱ्या त्या वाटा आज माहीत आहेत आणि शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यंही त्याच वाटांवर काम करतात.

संगीत या दारापर्यंत पोचतं का? हा प्रश्न सिद्धांताच्याही आधीचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात इव्हान ओनील केन नावाचे एक शल्यचिकित्सक होते. 1914 साली त्यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक छोटं पत्र लिहिलं आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ वाजवल्याने रुग्णाचं मन कसं रमतं, भीती कशी उतरते, ते सांगितलं. पुढे 1921 साली याच केन यांनी फक्त जागेपुरती भूल घेऊन स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच्या हाताने काढलं. जागेपणी कापून घेणं म्हणजे काय, हे ठाऊक असलेला हा माणूस होता.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दातांच्या दवाखान्यातली गोष्ट. 1960च्या सुमारास बॉस्टनजवळचे दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि ध्वनिशास्त्राचे अभ्यासक लिक्लायडर यांनी एक यंत्र केलं. रुग्णाच्या कानाला हेडफोन, त्यात संगीत. ड्रिल दुखायला लागलं की संगीतावर धबधब्यासारखा घोंघावता आवाज चढवायचा. हा आवाज चढवायचं बटण रुग्णाच्या हातात. कित्येकांचे दात इंजेक्शनशिवाय भरले गेले आणि या यंत्राची मोठी हवा झाली. मग इतर दंतवैद्यांनी ते आणलं, तर कुणाकडे चाललं, कुणाकडे मुळीच नाही.

1963 साली मेल्झॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायला एक प्रयोग केला. लोकांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगितलं. काहींना मोठा आवाज ऐकवला आणि जोडीला, याने वेदना कमी होते असं आवर्जून सांगितलं. काहींना नुसता आवाज ऐकवला. काहींना ते आश्वासन दिलं, पण आवाजाच्या जागी फक्त मंद गुणगुण. पहिल्या गटातल्या लोकांनी हात लक्षणीयरीत्या जास्त वेळ पाण्यात ठेवला. नुसता आवाज निरुपयोगी ठरला आणि नुसतं आश्वासनही. दोन्ही एकत्र आली की माणसाच्या हातात काहीतरी येतं, एक युक्ती, दुखणं अंगावर येताना वापरायचं हत्यार. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म त्या थंड पाण्याच्या बादलीत आहे.

आता स्त्रीरोगाच्या ओपीडीकडे येऊ. इथे झालेल्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. 2003 साली हाँगकाँगमध्ये कॉल्पोस्कोपीला आलेल्या 220 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ज्यांना तपासणीदरम्यान संथ संगीत ऐकवलं, त्यांनी भीती आणि वेदना दोन्ही कमी सांगितल्या. 2007 साली अमेरिकेत जवळपास तसाच अभ्यास झाला, त्यात संगीताने काही फरक पडला नाही. 2014 साली इटलीत दुर्बिणीच्या तपासणीसाठी आलेल्या 356 स्त्रियांवरच्या अभ्यासात संगीताचा फायदा दिसला. 2017 साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात दुर्बीण आणि कॉल्पोस्कोपी दोन्ही होत्या. तिथे वेदना, भीती, समाधान, कशातच फरक नाही.

असे आकडे समोर आले की दोन मोह होतात. संगीतप्रेमी आपल्या बाजूचे दोन उचलतो, साशंक माणूस दुसरे दोन. मला दोन्ही पटत नाही. संगीत हे पॅरासिटामॉलसारखं नाही, की 500 मिलिग्रॅम हाँगकाँगमध्ये आणि 500 मिलिग्रॅम ॲमस्टरडॅममध्ये सारखंच. भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारं, कुणीतरी तिसऱ्याने निवडलेलं, डॉक्टरच्या बोलण्यात अर्धं बुडालेलं संगीत आणि स्वतःच्या कानात स्वतः लावलेलं गाणं यांना एकच नाव असलं तरी औषध एक नाही. शिवाय खोली कशी, आधी काय सांगितलं, गोळी दिली होती का, यावरही सगळं ठरतं. जिथे बाईशी आधीच नीट बोललं जातं, दुखण्याची सोय केली जाते, तिथे संगीताला कमी करायला फारसं उरतच नसेल. आणि खोटं संगीत देता येत नाही, ही अडचण आहेच. गोळीच्या चाचणीत रंगीत साखरेची गोळी देता येते, इथे कानात काही वाजतंय की नाही हे बाईला कळतंच.

व्यापक चित्र मात्र आशादायक आहे. 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेसंबंधीच्या 73 चाचण्या एकत्र तपासल्या. जवळपास 7000 रुग्ण. संगीत ऐकलेल्यांना नंतर वेदना कमी, भीती कमी, वेदनाशामक औषधंही कमी लागली. त्या संशोधकांपैकी एक स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. याच अभ्यासात गाणं रुग्णाने निवडलं की दुसऱ्याने, याने फारसा फरक दिसला नाही. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा हा मुद्दा मला लपवायचा नाही. पण प्रयोगशाळेतून आलेली उत्तरं निवडीच्या बाजूने झुकतात. माँट्रियलमध्ये 2008 साली दिसलं की चटका बसताना आवडीचं, सुखद संगीत वेदना कमी करतं, कानाला अप्रिय वाटणारं करत नाही. 2023 साली तिथल्याच मॅक्गिल विद्यापीठात 63 जणांवर प्रयोग झाला. प्रत्येकाचं स्वतःचं लाडकं गाणं हे दुसऱ्यांनी 'शांत वाटेल' म्हणून निवडून दिलेल्या संगीतापेक्षा सरस ठरलं, आणि सर्वांत जास्त काम केलं ते हुरहूर लावणाऱ्या, गहिवर आणणाऱ्या गाण्यांनी. 'दवाखान्यात लावायचं संगीत' म्हणून बासरी आणि झऱ्याचा आवाज विकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

त्याहून बोलका प्रयोग 2022 सालचा. दुखणं अंगावर असलेल्या 286 जणांना मुद्दाम नवीन रचलेली एक धून ऐकवली. काहींना असं भासवलं, की संगीत कसं असावं यात त्यांचाही हात आहे. इतरांना तसं काही वाटू दिलं नाही. ज्यांना आपला अधिकार चालतोय असं वाटलं, त्यांना आराम जास्त पडला. आधी कधीच न ऐकलेली धून, आणि फरक पाडला तो तिच्यावर आपला शब्द चालतो या जाणिवेने.

टेबलावरच्या बाईची अवस्था आठवा. कंबरेखालचे कपडे काढलेले, पाय दोन बाजूंना वर अडकवलेले, नजर छतावर, आणि दिसत नाही अशा जागी कुणीतरी काहीतरी करतंय. त्या क्षणी तिच्या ताब्यात काहीही नसतं. गाणं तिच्या हातात एक गोष्ट परत देतं. सूर, ताल, मेंदूत पाझरणारं डोपामाइन, हे सगळं आहेच. पण स्त्रीरोगाच्या टेबलावर मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की आवाज वाढवायचं बटण तिच्या अंगठ्याखाली असतं.

आपल्याकडे हे नवं नाही. जात्याचा खुंटा धरून पहाटे दळणाऱ्या बायकांनी शतकानुशतकं ओव्या गायल्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. खांदे भरून येत असताना गळ्यातून आलेली ती ओळ ऐकायला दुसरं कुणी नसलं तरी चालायचं, ती त्या बाईच्या स्वतःच्या हाताला चालना द्यायची. ओवीने दळणाचे कष्ट नाहीसे होत नसत, पण त्या कष्टांची लय बाईच्या मर्जीने चाले.

शब्दांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्याकडे गाण्याआधी कानात शब्द पडतात. 2010 साली बॉस्टनमध्ये बाळंतपणाला आलेल्या 140 स्त्रियांवर एक अभ्यास झाला. पाठीत जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देताना काहींना सांगितलं, "आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल." इतरांना सांगितलं, "आता ही जागा बधिर करतोय, म्हणजे पुढे तुम्हाला त्रास होणार नाही." सुई तीच, औषध तेच. पहिल्या गटातल्या वेदनेचा मधला आकडा दहापैकी 5, दुसऱ्यातला 3. हे वाचल्यावर मी स्वतःशीच दचकले. आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं म्हणत आलोय, "मुंगी चावल्यासारखं होईल हं." आता मी म्हणते, "थंड लागेल." "दाब जाणवेल." "पाळीसारखी कळ येऊ शकते, मी दहा आकडे मोजेपर्यंत ती उतरते." यातला प्रत्येक शब्द खरा आहे. दुखणार नाही असं मात्र मी आता कुणालाच सांगत नाही.

ब्रिटनमध्ये या कामासाठी एक माणूस वेगळा ठेवतात. बाईच्या डोक्याशी उभं राहून तिच्याशी बोलत राहायचं, हेच त्याचं काम. आमच्याकडे हे काम मावशी करतात. हुद्द्याच्या यादीत ते कुठेही लिहिलेलं नसतं. कपाळावर हात ठेवून "कुठल्या गावच्या ओ तुम्ही?" असं विचारणाऱ्या मावशींनी किती बायकांची किती दुखणी हलकी केली असतील, याची मोजदाद कुठल्याही नियतकालिकात नाही.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते. संगीत हे गोळीच्या, इंजेक्शनच्या बदली वापरायचं साधन नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2011 सालीच सांगितलं, की दुर्बिणीच्या तपासणीआधी, दुसरी काही अडचण नसेल तर, तासभर अगोदर वेदनाशामक गोळी घ्यावी. इटलीतल्या बारी शहरात बेटोची यांनी 1990च्या दशकात अशी पद्धत रूढ केली, की दुर्बीण पाण्याच्या प्रवाहासोबत सरळ आत जाते, योनीमार्ग उघडा धरणारं स्पेक्युलम नको आणि चिमटाही नको. ऑगस्ट 2024मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तांबी बसवताना जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा विचार करावा आणि दुखण्याबद्दल प्रत्येकीशी आधी बोलावं, असं सांगितलं. 2025 साली तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याहून स्पष्ट भाषेत तेच सांगितलं. इतक्या उशिरा का होईना, शास्त्र बायकांचं ऐकायला लागलंय. अशा वेळी कुणी "आमच्याकडे छान संगीत लावतो" म्हणून इंजेक्शनचा खर्च वाचवत असेल, तर ती फसवणूक आहे. आधी गोळी, बारीक उपकरण, जागा बधिर करणं, आणि 'थांबा' म्हटलं की थांबणारा हात. गाणं त्यानंतर.

ही चैन शहरातल्या बायकांसाठीच, असंही कुणी म्हणू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांना सामावून घेणारा एक अभ्यास झाला आणि 2009 साली जगाला कळलं, की आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी केली तरी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू घटतात. त्या अभ्यासात ज्यांच्या तपासणीत दोष आढळला, त्यांना कॉल्पोस्कोपीसाठी बोलावलं जाई. शेतातून, ऊसतोडीतून येणाऱ्या बाईला जर पहिल्या वेळी असह्य दुखलं, तर ती दुसऱ्यांदा येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. गावात बातमी दुखण्याचीच फिरते. जिवावर बेतणारा आजार वेळेत सापडायचा असेल, तर त्या टेबलावरचा अनुभव सुसह्य करणं हा उपचाराचाच भाग आहे.

आमच्याकडे आता रीत अशी आहे. बाईला आदल्या दिवशीच सांगायचं, आवडीचं काही असेल तर फोनमध्ये घेऊन या, आणि नको असेल तर तेही सांगा. काहींना शांतता हवी असते. एक मुलगी म्हणाली, मला तुमचं बोलणं ऐकत राहायचंय, प्रत्येक पायरी सांगा. तिच्यासाठी तेच गाणं. गाणं लावायचं ते टेबलावर चढायच्या आधी, कपडे बदलताना, म्हणजे भीती चढायच्या आत ते कानात रुजतं. आणि इअरफोन एकाच कानात. दुसरा कान मोकळा. तिला माझं ऐकू आलं पाहिजे, आणि नाडी मंदावून तिला गरगरायला लागलं तर मी हाक मारल्यावर तिने ओ दिली पाहिजे.

भजनवाल्या बाईंनी इअरफोन घेतलाच नाही. फोन छातीवर ठेवला. रेकॉर्डिंग कसलं, घरच्या ओट्यावर केलेलं. पखवाज लांबून, टाळ जवळून, मध्येच कुणाचा तरी खोकला, कुकरची शिट्टी. मी स्पेक्युलम लावलं आणि बघितलं, त्यांच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर टाळ धरत होती. अंगठा आणि तर्जनी, उघड-मीट. चिमटा लागला तशी बोटं थांबली. मीही थांबले. श्वास सोडून त्या म्हणाल्या, "बाई, जरा दम धरा. आता गजर येईल. गजर चालू झाला की करा तुमचं."

आम्ही वाट पाहिली. मी, सिस्टर, मावशी, तिघी. वीस-पंचवीस सेकंद असतील. लय चढली, सगळ्यांचा आवाज एकदम उठला, आणि त्यांनी मान हलवली. मी नळी आत सरकवली, दट्ट्या ओढला. त्यांचे डोळे घट्ट मिटले, ओठ दाबले गेले, दुखत होतं हे दिसत होतं. पण बोटं चालू राहिली. गजर संपायच्या आत नमुना बाटलीत होता.

खाली उतरताना त्यांनी रिपोर्टची तारीख विचारली, सोगा नीट केला, फोन बंद केला. दारातून वळून म्हणाल्या, "तो खोकला ऐकला का? माझी जाऊ हाय ती. तिलाबी अंगावरनं जातंय, पण येत नाही. आता आणते तिला."